पेन्शनीचा मुक्काम

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस पसरलेल्या ज्या वस्तीला आज लष्कर म्हणतात, तिची आखणी कोणा नगररचनाकाराने केलेली नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी तेथे तळ दिला, आणि मराठ्यांच्या फौजांचे माळव्यापासून अंतर्वेदीपर्यंत जे शेकडो तळ पडले आणि उठले, त्यांतला हा एक उठावयाचा राहून गेला. राहुट्यांच्या जागी मातीच्या भिंती आल्या, भिंतींच्या जागी दगडी वाडे उभे राहिले. फालका बाजार, खासगी बाजार, चिटणीस की गोठ, शिंदे की छावनी ही नावे पिढ्यान्‌पिढ्या तोंडात बसली. आणि तरीही या वाड्यांतून राहणाऱ्या माणसांच्या मनातून, आपण येथे नोकरीपुरते आहोत, ही समजूत पुरती अशी कधी गेली नाही. ज्याची हयात घोड्यावर किंवा दफ्तरात गेली त्याला उतारवयात एक प्रश्न पडेच, की आता उरलेले दिवस काढावयाचे कोठे? साताऱ्याकडच्या गावी, जेथल्या भाऊबंदांनी आपल्या वाट्याची जमीन केव्हाच आपल्या नावावर करून घेतली आहे? काशीस, जेथे मरण चांगले असले तरी जगणे महाग आहे? की याच छावणीत, थंडीत हाडे गोठविणाऱ्या आणि उन्हाळ्यात भाजून काढणाऱ्या या मुलखात?

छावणीत सगळ्याची सोय असते, म्हातारपणाची नसते. खुद्द महादजी शिंद्यांनी हा प्रश्न जुन्या रीतीने सोडविला. दिल्लीच्या बादशहास हाताशी धरून सारे हिंदुस्थान हालविणारा हा पुरुष १७९२ साली दक्षिणेत परतला आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस त्याने देह ठेवला; तेथली छत्री आजही पाहावयास मिळते. कण्हेरखेडच्या पाटलाचा मुलगा देशावरच विसावला, असे म्हणावयास हरकत नाही, जरी त्या येण्यामागे विसाव्यापेक्षा राजकारणच अधिक होते. त्याच्यामागून गादीवर आलेल्या दौलतरावांचा अंत मात्र १८२७ साली लष्करातच झाला, आणि त्यांची छत्रीही लष्करातच उभी राहिली. महादजींची समाधी मुळा-मुठेच्या खोऱ्यात आणि दौलतरावांची चंबळेच्या अलीकडे, या दोन ठिकाणांमधल्या अंतरात उत्तरेकडील मराठ्यांचा सगळा इतिहास सामावलेला आहे.

या घराण्याविषयी आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. ज्या वयास सरकारी नोकर एके काळी पेन्शनीवर निघे ते पंचावन्नावे वर्ष दौलतरावांपासूनच्या कोणत्याही संस्थानाधिपतीच्या वाट्यास आले नाही. दौलतराव सत्तेचाळिशीच्या सुमारास गेले, जनकोजीराव त्याहून पुष्कळच आधी, जयाजीराव पन्नाशी ओलांडून एक-दोन वर्षांत, माधवराव अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, जिवाजीराव पंचेचाळीसाव्या. दुसऱ्यांच्या नेमणुका, वर्षासने आणि जहागिरी ज्यांच्या शिक्क्याने चालत, त्यांना स्वतःचे म्हातारपण कसे असते ते कळलेच नाही. ते कळले राण्यांना, आणि सर्वांत अधिक कळले बायजाबाईंना.

पण बायजाबाईंच्या आधी पेशव्यांकडे वळले पाहिजे, कारण निवृत्त माणसाने राहावे कोठे हा प्रश्न सरकारी टेबलावर आणून त्याचा निकाल लावण्याची प्रथा मराठ्यांच्या बाबतीत तेथून सुरू झाली. खरे पाहता ती आणखी थोडी मागे जाते: राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी १८०३ साली इंग्रजांशी करार करून सालीना सात लाखांची नेमणूक पदरात पाडून घेतली आणि काशी व चित्रकूटजवळचे कर्वी ही दोन ठिकाणे राहण्यास धरली. तीर्थ आणि तनखा यांची ही सांगड पुढे सर्वांनाच सोयीची वाटली. ३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले तेव्हा ठरलेल्या अटींत हेच होते, की त्यांनी दक्षिण सोडावी आणि काशीत किंवा गव्हर्नर जनरल नेमून देतील अशा हिंदुस्थानातील अन्य पवित्र स्थळी राहावे, आणि त्यांना सालीना आठ लाख रुपये मिळावेत. अट वाचताना ‘किंवा’ हा शब्द लहान दिसतो. परंतु सगळे मर्म त्यातच होते. जागा निवडली ती कानपूरच्या छावणीपासून हाकेच्या अंतरावरील ब्रह्मावर्ताची, म्हणजे बिठूरची. गंगा होती, घाट होते, पुराणप्रसिद्ध क्षेत्र होते, आणि पलीकडे गोऱ्यांची पलटण होती.

या निवडीत हवेपाण्याचा विचार नव्हता असे नाही, पण तो राजकीय हवेचा होता. बाजीराव तेथे सुमारे बत्तीस वर्षे, २८ जानेवारी १८५१ रोजी देहान्त होईपर्यंत, स्नानसंध्या, दानधर्म, लग्ने आणि कारभाऱ्यांची भांडणे यांत दिवस घालवीत राहिले. त्यांच्याबरोबर दक्षिणेतून निघालेली शेकडो कुटुंबे त्या गंगाकाठच्या गावी रुजली. अशा वस्तीत पांडुरंगराव टोप्यांचा मुलगा तात्या वाढला, तेथेच पेशव्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब वाढले, आणि काशीत बाजीरावांचे भाऊ चिमाजी आप्पा यांच्या आश्रयास असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी, पुढे जी झाशीची राणी झाली, तीही काही काळ तेथेच खेळली. इंग्रज मुत्सद्द्यांनी एवढ्या दूरदृष्टीने निवडलेल्या पेन्शनीच्या गावाने चाळीस वर्षांनी त्यांना कसली परतफेड केली, ते सांगावयास नको. त्या तिघांपैकी एकीचा अंत ग्वाल्हेरच्या वेशीवर १८५८ च्या जूनमध्ये झाला आणि दुसऱ्याला १८ एप्रिल १८५९ रोजी सिप्री येथे फाशी दिले गेले. या सिप्रीकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

आता बायजाबाई. कागलकर घाटग्यांची ही मुलगी १७९८ साली पुण्यास दौलतरावांना दिली गेली आणि त्यांच्या मागे १८२७ पासून सहा वर्षे तिने ग्वाल्हेरचा कारभार अशा हाताने चालविला की सावकारांना तिच्या हिशेबाची धास्ती वाटे. काशीत ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप तिने १८२८ साली बांधविला. मणिकर्णिकेशेजारचा शिंदे घाटही तिचाच, जो स्वतःच्याच दगडांच्या भाराने खचला. म्हणजे सत्ता हातात असतानाच म्हातारपणाच्या आणि मरणाच्या क्षेत्राशी तिने नाते जोडून ठेवले होते. परंतु १८३३ साली दत्तक पुत्र जनकोजीरावांच्या बाजूने फौज उठली आणि पन्नाशीला आलेल्या या बाईस राजधानी सोडून बाहेर पडावे लागले, तेव्हा तिच्या मुक्कामांचा क्रम काशीच्या दिशेने सरळ गेला नाही. धोलपूर, आग्रा, मथुरा, फत्तेगड, अलाहाबाद: एखाद्या यात्रेकरूचा मार्ग वाटावा अशी ही यादी आहे, पण तिच्यातील प्रत्येक नावामागे कंपनी सरकारचा एकेक खलिता आणि एकेक नकार आहे. ग्वाल्हेरच्या सरहद्दीजवळ ती राहिली तर तिचे पक्षपाती गोळा होतील, हे भय इंग्रजांना होते. आणि दूर गेले तर आपला हक्क कायमचा बुडेल, हे भय तिला होते.

फत्तेगडास तिच्या छावणीत गेलेल्या फॅनी पार्क्स या इंग्रज बाईने पुढे १८५० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्या भेटींचे वर्णन केले आहे, आणि मला वाटते बायजाबाईंचे याहून जवळून काढलेले चित्र दुसरे नाही. केस पिकलेली, साधे तांबडे रेशमी लुगडे नेसलेली, वैधव्यामुळे हातात सोन्याच्या बारीक बांगड्यांखेरीज दागिना नसलेली ही बाई तंबूत बसून विलायती विधवा कशा राहतात याची चौकशी करते. तिच्या तैनातीतल्या मराठ्यांच्या मुली दोन्ही बाजूंना पाय टाकून घोडी पिटाळतात आणि इंग्रज बायका खोगिरावर एका अंगाने का बसतात, याचे सर्वांना हसू येते. राज्य गेले, राजधानी गेली, पण घोडा आणि तंबू गेले नाहीत. लष्कर जेथून जन्मले ती फिरती छावणी लष्करातून हाकलली गेलेली ही वृद्धा आपल्याबरोबर घेऊन हिंडत होती.

शेवटी दक्षिणेत राहण्याच्या अटीवर सालीना चार लाखांची नेमणूक ठरली आणि ती नाशकास आली. गोदावरी होती, तीर्थ होते, आपली भाषा बोलणारी माणसे होती. कागलही आता पूर्वीपेक्षा जवळ होते. पेन्शनीचे गाव म्हणून पाहिले तर नाशकात उणे काय होते? तथापि १८४३ साली जनकोजीराव वारले आणि वाट मोकळी झाली, तेव्हा ती पुनः उत्तरेकडे गेली. ज्या मुलखाने आपल्याला हाकलले तेथेच जाऊन मरावे, ही ओढ केवळ अधिकाराची होती असे मला वाटत नाही. तीस-चाळीस वर्षे ज्या थंडीवाऱ्यात काढली त्याचीही शरीराला सवय जडते. अठराशे अठ्ठावन्नच्या जूनमध्ये बंडवाल्यांनी ग्वाल्हेर घेतले आणि जयाजीराव आग्र्यास पळाले, तेव्हा पंचाहत्तरीच्या घरातल्या या बाईने घरातल्या स्त्रियांना घेऊन नरवर गाठले; तेही निभावून १८६३ साली तिने ग्वाल्हेरातच डोळे मिटले.

या म्हातारपणाच्या कडेने मराठी वाङ्मयाला एक अनपेक्षित लाभ झाला. बायजाबाई मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार आणि त्यात सात-आठ लाख खर्चणार, ही बातमी कोकणात वरसईस पोहोचली, आणि कर्जाने गांजलेला विष्णुभट गोडसे नावाचा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने १८५७ साली चुलत्याबरोबर उत्तरेच्या वाटेस लागला. यज्ञाची दक्षिणा बाजूला राहिली आणि भटजींना बंड पाहावयास मिळाले. झाशीच्या वेढ्यात ते आत अडकले होते. एका वृद्ध राणीने पुण्यसंचयासाठी ठिकाण निवडले नसते, तर ‘माझा प्रवास’ लिहिलाच गेला नसता. तो प्रसिद्ध केला १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी; आणि वैद्य हे कोण? कल्याणचे गृहस्थ, जे ग्वाल्हेर संस्थानात मुख्य न्यायाधीशाच्या हुद्द्यावर होते, आणि तेथून निवृत्त होऊन आपल्या मुलखी परतल्यावर ज्यांनी महाभारत, रामायण आणि मध्ययुगीन भारत यांवर ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. ग्वाल्हेरच्या नोकरीचा त्यांनी जेवढा चांगला उपयोग करून घेतला त्याहून अधिक चांगला उपयोग त्यांनी ती सोडण्याचा करून घेतला.

वैद्यांच्या उलट दिनकरराव राजवाडे. यांचा जन्म देवरुखचा, पण घराणे पूर्वीपासून शिंद्यांच्या चाकरीत. १८५२ साली दिवाणगिरी मिळाली, सारा आणि दफ्तर यांची घडी बसविली, बंडाच्या धामधुमीत जयाजीरावांना इंग्रजांच्या बाजूस धरून ठेवले. आणि एवढे सगळे झाल्यावर १८५९ साली धन्याचे आणि त्यांचे बिनसले व त्यांनी राजीनामा दिला. चाळिशीतच सत्तेबाहेर पडलेला हा मुत्सद्दी देवरुखास परत गेला नाही. इंग्रज सरकारने त्यांना काशीजवळ जहागीर दिली, राजा हा किताब दिला, आणि पुढे १८७५ साली बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनात त्यांना बसविले. कोकणातल्या घराकडे पाठ फिरवून त्यांनी उत्तर का पत्करली, याचे उत्तर सोपे आहे: सह्याद्रीच्या पायथ्याशी त्यांना कोण विचारणार होते? ज्याच्या सल्ल्याला किंमत आहे तो माणूस, जेथे सल्ला मागावयास लोक येतात तेथेच म्हातारा होणे पसंत करतो.

येथवर जी नावे आली ती मोठ्यांची. त्यांच्या निवडीत सरकारचा हुकूम होता, तीर्थाचे पुण्य होते, मानमरातब होता; थंडी-उन्हाचा विचार शेवटी. सामान्य माणसाचा क्रम याच्या अगदी उलटा. कमाविसदाराच्या कचेरीतला कारकून, पायगेतला बारगीर, सुभ्याच्या दफ्तरातला फडणीस यांना कोणी खलिते पाठवीत नव्हते. त्यांना सांधेदुखी होती. आणि ग्वाल्हेरची हवा सांधेदुखीवाल्याला दोन्हीकडून छळते. पौष-माघात उत्तरेकडून येणाऱ्या गार वाऱ्याने पारा चार-पाच अंशांवर आणि कधी त्याहूनही खाली येतो, सकाळी दहापर्यंत धुके हटत नाही, आणि वाड्याच्या त्या जाड दगडी भिंती, ज्यांची बांधणाऱ्याने उन्हाळा डोळ्यापुढे ठेवून योजना केली, त्या थंडी साठवून ठेवण्यातही तितक्याच तरबेज निघतात. मग घरातले वृद्ध रुईची बंडी आणि कानटोपी घालून ऊन येईल तसतशी आपली खाट गच्चीवर सरकवीत नेतात. शेजारी अंगीठी, हातात चहा, आणि संक्रांतीच्या सुमारास गुळाच्या पोळीबरोबर मुरैनेची गजक. पुण्याकडून नव्याने आलेली सून पहिल्या हिवाळ्यात रडते आणि तिसऱ्यात गजक कोणाच्या दुकानची यावर सासूशी वाद घालते. वैशाख-ज्येष्ठात याच गच्चीवर रात्री पाणी शिंपून खाटा टाकाव्या लागतात, दिवसा वाळ्याच्या ताट्या भिजवून दारे झाकावी लागतात, आणि पंचेचाळीस अंशांवर गेलेली लू जो कोणी बाहेर सापडेल त्याला आडवा करते.

इंग्रजांनी या उन्हाळ्यावर सिमला, महाबळेश्वर, पंचमढी असे उपाय काढले. आणि नोकरी संपताच तर ते मुलूखच सोडून देत, चेल्टनहॅमसारख्या गावी जाऊन हिंदुस्थानच्या आठवणी आणि तिथल्या पावसाबद्दलच्या तक्रारी करीत बसत. संस्थानिकांपैकी पुष्कळांनी त्यांचे अनुकरण करून थंड हवेच्या ठिकाणी बंगले घेतले. माधवराव शिंद्यांनीही परदेशवाऱ्या केल्या, मुंबईत वाडे बाळगले. परंतु संस्थानच्या उन्हाळ्याचा विचार करताना त्यांनी हिमालयाकडे न पाहता आपल्याच सरहद्दीतल्या सिप्रीकडे पाहिले. तात्या टोप्यांच्या फाशीमुळे नाव निघालेले, एके काळी इंग्रजांची छावणी असलेले, जंगलाने वेढलेले हे गाव पुढे शिवपुरी झाले आणि ग्वाल्हेर दरबारची उन्हाळी राजधानी झाले. उन्हे तापू लागली की कचेऱ्यांची दफ्तरे तिकडे हलत.

आता उंचीचा हिशेब मांडला तर ही निवड विचित्र वाटते. ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे फुटांवर आणि शिवपुरी पंधराशेवर. आठशे फुटांच्या फरकाने कोणते गाव सिमला होते? पठारावरची रात्र थोडी हलकी, जंगलाचा वारा थोडा मोकळा, एवढेच निसर्गाने दिले होते. उरलेले माधवरावांनी पाण्याने केले, आणि माझ्या मते त्यांच्या एकंदर कर्तबगारीत हा भाग सर्वांत बुद्धिमान आहे. १९१८ साली मनियर नदीचे पाणी अडवून सख्यासागर हा तलाव झाला, ज्याला तिकडे चांदपाठाही म्हणतात. त्याला लागूनच माधवसागर, आणि जवळच जाधवसागर. एकामागून एक अशा तलावांवरून वाहत येणारा वारा गावाला मिळू लागला. पाणी अडविण्याचे शास्त्र त्या काळी संस्थानात जोरात होते: ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर तिघऱ्याचे धरण झाले, ज्यावर विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले, आणि जे १९१७ साली फुटून मोठा अनर्थ झाला. म्हणजे शिवपुरीचे तलाव बांधले गेले ते या धड्याच्या लगेच पुढच्या वर्षी. भीतीपोटी हात आखडता घेण्याचा माधवरावांचा स्वभाव नव्हता.

सख्यासागराच्या काठी नौकाविहाराचा क्लब झाला, जंगलातील सर्वांत उंच टेकडीवर पंचम जॉर्ज बादशहाच्या १९११ च्या दौऱ्यासाठी जॉर्ज कॅसल नावाचा वाडा उभा राहिला, ज्यात बादशहाने मुक्काम केलाच नाही. भदैया कुंडाचा धबधबा सहलीचे ठिकाण झाला. आणि ग्वाल्हेरहून तेथे नेणारी ती दोन फुटी रूळांची चिमुकली आगगाडी! ग्वाल्हेर लाइट रेल्वेचा हा फाटा एकोणिसावे शतक संपता संपता शिवपुरीस पोहोचला. माधवरावांचे आगगाडीचे वेड प्रसिद्धच आहे; जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांपुढे पदार्थ नेणारी चांदीची गाडी पाहिलेला मनुष्य शिवपुरीच्या गाडीत बसला, की आपण त्याच खेळण्यात बसलो आहोत असे त्याला वाटल्यावाचून राहत नसे. सत्तर मैलांच्या आसपासचा तो प्रवास ती रमतगमत करी; तिच्यातून दफ्तरे गेली, सरदारांचे जनानखाने गेले, आणि मोठ्यांच्या मागून बिचकत बिचकत पेन्शनरही गेले. उन्हाळ्यात राजधानी येथे येते म्हटल्यावर भाड्याची घरे झाली, दुकाने आली, देवळात पुराण सांगणारा आला. आणि ज्यांची मुले दरबारच्या नोकरीत लागली होती असे वृद्ध चैत्र संपला की अंथरुणे बांधू लागले.

येथली छत्री मात्र सावकाश पाहावी. माधवरावांनी आपल्या आईसाठी, सख्याराजांसाठी, शिवपुरीत छत्री बांधविली, आणि पुढे तिच्यासमोर पांढऱ्या संगमरवराची, रंगीत दगडांचे जडावकाम केलेली छत्री त्यांचीच झाली. मधे पाण्याचा तलाव, पुलासारख्या वाटा, आणि अलीकडून पलीकडे एकमेकांकडे पाहणारी मायलेकरे. आतील मूर्तींना रोज वस्त्रे नेसवितात, नैवेद्य दाखवितात, ऋतुमानाप्रमाणे त्यांचा पोशाख बदलतो. मेलेल्या माणसाचा खासगी कारखाना येथे चालू असतो, आणि त्याचे नोकर आपल्या कामाला नोकरीइतक्याच गांभीर्याने घेतात. ज्या महाराजांनी या गावी उन्हाळ्याची राजधानी केली, त्यांना येथे म्हातारपण काढता आले नाही. ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांनी तयार केलेल्या त्या थंड जागेचा कायमचा रहिवास त्यांना मूर्तीच्या रूपानेच मिळाला. आईच्या नावाचा सागर, आपल्या नावाचा सागर आणि आईची छत्री, एवढी सिद्धता ज्याने करून ठेवली त्याच्या मनात उतारवयाचे काही चित्र असलेच पाहिजे, असा तर्क मी करतो. यापलीकडे जाणे इतिहासाला परवडणारे नाही.

१९४८ साली संस्थान विलीन झाले आणि मध्यभारताची व्यवस्था अशी ठरली की हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. ज्या ग्वाल्हेरची माणसे उन्हाळ्यात शिवपुरीस पळत, त्या ग्वाल्हेरची थंडी मंत्र्यांना मानवली आणि ऊन मानवले नाही, असा त्याचा अर्थ. नोकरवर्गाला वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवावे लागे, आणि लष्करातले जुने लोक, हे आमच्या घरी नवे नाही, असे हसून म्हणत. १९५१ च्या कायद्याने जहागिरी खालसा झाल्या. सरदारांचे वाडे दुकानांना आणि वकिलांना भाड्याने गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळास गेली, आणि ग्वाल्हेरच्या वाट्यास महालेखापालांचे कार्यालय, राजस्व मंडळ आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. महालेखापालांच्या त्या कार्यालयात मराठी घरांतील मुलांनी पिढ्यामागून पिढ्या कारकुनी केली. तळाच्या हिशेबापासून राज्याच्या हिशेबापर्यंत आकडेमोडीचा वारसा तोच राहिला. १९६१ साली मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरास भरले आणि कुसुमावती देशपांडे या पहिल्या स्त्री अध्यक्ष येथल्या व्यासपीठावरून बोलल्या, तेव्हा बाहेरगावच्या पाहुण्यांना येथे इतकी मराठी वस्ती आहे याचेच अधिक आश्चर्य वाटले. जणू काय आम्ही सगळे पेन्शन सुरू होताच पुण्यास परत गेलेलो असणार होतो!

तसे जाणारे होते आणि आहेत. १९१२ साली सुरू झालेल्या पंजाब मेलने मुंबई आणि ग्वाल्हेर यांतील वाट इतकी सुकर केली होती, की परत जाण्याला अंतराचे निमित्त उरले नव्हते. पण परत जाणाऱ्यांपैकी कित्येकांना सदाशिव पेठेत आपली भाषा हिंदीने बिघडलेली असल्याचे प्रथमच कळले, आणि आपण ज्याला घर म्हणत होतो तेथे आपण पाहुणे आहोत, हेही. राजकवी भा. रा. तांबे यांच्याकडे पाहावे: जन्म संस्थानातल्या मुंगावलीचा, नोकऱ्या माळव्यात आणि ग्वाल्हेरात, आणि १९४१ साली अंत ग्वाल्हेरातच. महाराष्ट्राने त्यांच्या कवितेला डोक्यावर घेतले. त्यांनी मात्र राहण्यासाठी महाराष्ट्र निवडला नाही. त्यांचे घर येथे होते.

शिवपुरीची ती लहान गाडी १९७० नंतरच्या काळात बंद झाली. आता रुंद रूळांची गाडी गुणा मार्गाने जाते. सख्यासागराला २०२२ साली रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, भोवतालच्या माधव राष्ट्रीय उद्यानाचे २०२५ च्या मार्चमध्ये व्याघ्र प्रकल्पात रूपांतर झाले, आणि तलावात मगरींची वस्ती आहे. त्यामुळे काठावर बंगला बांधून राहण्याची कल्पना आता कोणी वनखात्यापुढे मांडू नये हे बरे. तरीही लष्करातला एखादा निवृत्त अधिकारी शिवपुरीत प्लॉट घ्यावा काय, असे अधूनमधून विचारतो. त्याला माझे सांगणे असे असते, की पहिल्या पावसानंतर तलाव भरलेला पाहून सौदा करू नये. ज्येष्ठातल्या एका दुपारी जावे, बाजारात दोन तास हिंडावे, रात्री अकरा वाजता छातीत दुखू लागले तर कोण येईल याची चौकशी करावी, आणि मग ठरवावे. ग्वाल्हेरला १९४६ साली गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि म्हातारपणाची जागा ठरविण्यात तलावांपेक्षा अशा इमारतींचे वजन अधिक पडू लागले आहे. बहुतेक जण शेवटी थोडी उन्हाळी सुट्टी शिवपुरीस काढतात, दिवाळीनंतर एक फेरी पुण्यातल्या मुलाकडे मारतात, तेथल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये महिनाभर अवघडून बसतात, आणि धुके पडू लागण्याच्या सुमारास रुईची बंडी उन्हात टाकायला लष्करात परत येतात.